तिपाईची मान

नुसत्या तिपाईला पाय तीन असतात, पण मान नसते. तिच्या माथ्यावर एक आंखूड स्क्रू तेवढा वर आलेला दिसतो. त्यावर फिरतें शीर्ष घट्ट बसवून वर कॅमेरा चढविला, म्हणजे तो चहूंकडे पाहूं लागतो. चलच्चित्रांच्या आरंभीं हें शीर्ष नव्हतेंच, हें आज कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

त्या काळीं कॅमेरा तिपाईला खिळलेला असे. समोरून जें जाईल तेवढेंच चित्रांत यावयाचें. ल्यूमिएर बंधूंचा छायाचित्रकार प्रोमियो यानें १८९६ त व्हेनिस येथें एक युक्ति काढली. त्यानें कॅमेरा नावेंत ठेवला. मान वळत नाहीं म्हणून सारें अंगच हलविलें! पण लंडनच्या भर रस्त्यांत नाव कोठून आणावी?

हा पेंच शास्त्रीय उपकरणें बनविणाऱ्या रॉबर्ट पॉल याच्यापुढें पडला. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीस साठ वर्षें झाल्याबद्दल २२ जून १८९७ रोजीं मिरवणूक निघावयाची होती. मिरवणूक एकदांच जाणार. राणीची गाडी चौकटीबाहेर गेली, तर तिला परत कोण बोलावणार? तेव्हां पॉलनें तिपाईसाठीं एक शीर्ष घडविलें. त्यांत कॅमेरा उभ्या आंसावर बसविलेला होता आणि आंसाच्या दातेरी चक्राला मळसूत्री दांडा जोडलेला होता. मूठ फिरविली कीं कॅमेरा संथपणें वळे. दुसऱ्याच वर्षीं पॉलनें तें विक्रीस काढलें.

मात्र एकाचें शीर्ष दुसऱ्याच्या तिपाईवर बसतें, याचें श्रेय पॉलला नाहीं. तें मुख्यतः जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराचें. पूर्वीं कारखान्यागणिक आटे निराळे. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या नटांत जाईना. व्हिटवर्थनें १८४१ सालीं आट्यांचा कोन ५५ अंश ठरविला आणि कोणत्या जाडीस इंचामागें किती आटे, तेंहि नेमून दिलें : पाव इंची स्क्रूस २०, तीन अष्टमांश इंचीस १६. अमेरिकेनें पुढें कोन ६० अंश केला, पण या दोन मापांच्या आट्यांची संख्या तीच राहिली. म्हणून एकाचें दुसऱ्यांत बसतें. आजहि शीर्ष तिपाईवर बहुधा तीन अष्टमांश इंची स्क्रूनें बसतें, आणि कॅमेरा शीर्षावर पाव इंचीनें.

घाईनें तिरपें लावलेलें शीर्ष आटे खातें. जाणते लोक तें प्रथम थोडें उलटें फिरवितात. आट्यांत आटा पडल्याचा बारीकसा धक्का हाताला लागला, कीं मग सुलटें आवळतात.