दमा समजून सीओपीडीवर उपचार

तळेघर : चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला चढण चढताना धाप लागू लागली की गावात त्याला 'दमा' म्हणतात. पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही तेच उतरते. भीमाशंकरच्या वाटेवरील तळेघर परिसरात पावसाळ्यात ओले सरपण बंद घरात धुमसत राहते. धूम्रपान न करणाऱ्यांनाही अशा धुरामुळे सीओपीडी हा श्वासनलिकांचा चिवट विकार जडतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मधील लेखात याकडे लक्ष वेधले होते.

दम्यात आकसलेल्या नलिका औषधाने बहुतांशी पूर्ववत होतात. सीओपीडीत अडथळा कायम राहतो. हा फरक स्पायरोमेट्रीच्या तपासणीत कळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत मात्र ही सोय सहसा नसते आणि औषध अंदाजाने दिले जाते.

दम्यात स्टिरॉइडचा पंप हा उपचाराचा पाया आहे. सीओपीडीत तो सरसकट द्यायचा नसतो. २००७ च्या 'टॉर्च' चाचणीत अशा पंपाने न्यूमोनियाचे प्रमाण वाढलेले दिसले. रक्तातील इओसिनोफिल पेशी ३०० किंवा अधिक असतील आणि विकार वारंवार बळावत असेल, तर त्याचा उपयोग होतो. १०० हून कमी असतील तर फारसा नाही. अन्यथा श्वासनलिका रुंदावणारी, दीर्घकाळ टिकणारी औषधे पंपातून देणे हा मुख्य उपचार होय.

त्याहून घातक आहेत त्या महिनोन्‌महिने चालणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. विकार अचानक बळावल्यास ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोन पाच दिवस पुरते, असे २०१३ च्या स्वित्झर्लंडमधील चाचणीने दाखवले. 'पंपाची सवय लागते' या गैरसमजापायी लोक गोळ्याच मागतात, हेही खरे.

प्रतिजैविकांची गरज प्रामुख्याने कफ पिवळा-हिरवा होऊन त्याचे प्रमाण किंवा धाप वाढते तेव्हाच असते. क्षयरोगाची शंका असताना थुंकी न तपासता लेव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध दिल्यास क्षय काही काळ दबतो आणि निदान लांबते. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते.

चालू पंप किंवा गोळ्या रुग्णाने स्वतःहून थांबवू नयेत. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी सोडणे धोक्याचे असते. जुन्या सर्व चिठ्ठ्या व औषधांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि पंप ओढण्याची रीत त्यांच्यासमोर एकदा करून दाखवावी.