डावखुऱ्यांचे ताट आणि काही नामवंत थापा

किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर, जुन्या उपाहारगृहाच्या गल्ल्यामागे एक पाटी आपण सर्वांनी वाचलेली आहे : ‘आज रोख, उद्या उधार’. उद्या गेले तरी पाटी तीच. आमच्यापैकी एकाने लहानपणी ती खरी मानली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उधारीवर गोळ्या मागितल्या. दुकानदार पोट धरून हसला आणि त्याने एक गोळी हातावर ठेवली. उधार नव्हे, फुकट. पुढे शाळा संपेपर्यंत आम्ही सगळे त्याच दुकानाचे गिऱ्हाईक होतो. गिऱ्हाइकाला जरासे फसवून कायमचे आपलेसे करण्याची ही विद्या जुनीच, पण तिचाही एक इतिहास असू शकतो हे आमच्या ध्यानात यायला गेल्या वर्षीचा आनंद मेळा व्हावा लागला.

आपल्या मंडळाच्या आनंद मेळ्यात आम्हा चौघांचा पिठलं-भाकरीचा स्टॉल असतो. शेजारी साबुदाणा वडा, समोर भुट्ट्याचा कीस, पलीकडे पुरणपोळी. इंदूरच्या माणसाला खायला बोलवावे लागत नाही; पण इतक्या गर्दीत तो आपल्याकडेच का वळावा? सराफ्यात जोशींच्या दुकानी दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून अलगद झेलतात आणि माणसे ते पाहायलाच थांबतात. आमच्या हातांना ती सवय नाही. सरकारी कचेरीत हवेत फिरतात त्या फक्त नस्त्या, आणि त्याही झेलायला कोणी नसते. तेव्हा मंडळातला एक तरुण सभासद म्हणाला, “काका, तुम्ही सरळ थाप मारा. अमेरिकेत मोठमोठ्या हॉटेलवाल्यांनी मारल्या आहेत.” आणि त्याने आम्हाला डावखुऱ्यांच्या बर्गरची गोष्ट सांगितली. त्या आठवड्यात आम्ही जमेल तेवढे वाचून काढले. ते इथे मांडतो, कारण स्टॉलवर पुढे जे झाले ते त्याशिवाय कळणार नाही.

या सगळ्या थापांतली गाजलेली थाप १ एप्रिल १९९६ ची. त्या सकाळी अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिरात आली. टॅको बेल ही मेक्सिकन धर्तीचे पदार्थ विकणारी उपाहारगृहांची साखळी. तिने जाहीर केले की देशावरचे कर्ज कमी व्हावे म्हणून आम्ही ‘लिबर्टी बेल’ विकत घेतली आहे आणि यापुढे तिचे नाव ‘टॅको लिबर्टी बेल’ राहील. लोकांना ती पूर्वीसारखीच पाहता येईल. लिबर्टी बेल म्हणजे फिलाडेल्फियातली ती तडा गेलेली घंटा, अमेरिकनांच्या स्वातंत्र्याची खूण. आपल्याकडे एखाद्या फरसाणवाल्याने राजवाडा विकत घेतल्याचे छापून आणावे, तसे हे. गंमत अशी की कंपनीच्या नावातल्या ‘बेल’चा घंटेशी मुळात काही संबंध नव्हता. ग्लेन बेल नावाच्या गृहस्थाने १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात पहिले दुकान काढले, त्याचे ते आडनाव. चिन्ह म्हणून घंटा पुढे आली.

लोक खवळले. घंटेची देखभाल करणाऱ्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे हजारो फोन गेले. घंटा मुळात फिलाडेल्फिया शहराच्या मालकीची आहे, केंद्र सरकारला ती विकता येणारच नाही, हे रागाच्या भरात फारसे कोणाला सुचले नाही. दुपारपर्यंत कंपनीने खरे काय ते सांगून टाकले आणि घंटेच्या देखभालीसाठी ५० हजार डॉलर देत असल्याचे जाहीर केले. व्हाइट हाऊसचे प्रवक्ते माइक मॅकरी यांना पत्रकारांनी छेडले, तर त्यांनी आणखी एक पुडी सोडली : लिंकन स्मारकही विकले आहे, त्याला आता फोर्ड कंपनीच्या ‘लिंकन मर्क्युरी’ मोटारींचे नाव मिळेल. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे त्या एका दिवसात विक्री नेहमीपेक्षा सुमारे ५ लाख डॉलरने वाढली. जाहिरातींचा खर्च त्याहून कमी होता.

आम्हाला यात विक्रीच्या आकड्यापेक्षा दुपारपर्यंतची वेळ महत्त्वाची वाटते. थाप संध्याकाळपर्यंत ताणली असती तर तिचे खोटे झाले असते. शिवाय ५० हजार डॉलर खरे होते. आमच्या दुकानदाराने दिलेल्या गोळीची ही थोरली बहीण.

याच कंपनीने २००१ च्या मार्चमध्ये आणखी एक उद्योग केला. रशियाचे जुने अंतराळ स्थानक ‘मीर’ पॅसिफिक महासागरात पाडण्यात येणार होते. टॅको बेलने ऑस्ट्रेलियाच्या बाजूला समुद्रात ४० फूट लांब आणि ४० फूट रुंद असा एक तरंगता पडदा सोडला, आणि मीरचा मुख्य भाग त्यावर पडला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक टॅको फुकट, असे वचन दिले. चुकून पडलाच तर बुडायला नको म्हणून विमाही उतरवला. मीर पडले भलतीकडेच. फुकट काहीच द्यावे लागले नाही, तरी कोणाला फसल्यासारखे वाटले नाही, कारण अट सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती आणि वचनामागे विम्याचा खरा कागद होता.

आता तो डावखुऱ्यांचा बर्गर. १ एप्रिल १९९८ रोजी बर्गर किंगने ‘यूएसए टुडे’ या दैनिकात पानभर जाहिरात दिली : देशातल्या ३ कोटी २० लाख डावखुऱ्यांसाठी खास ‘लेफ्ट-हँडेड व्हॉपर’. जिन्नस तेच, फक्त आतले सगळे १८० अंशांत फिरवलेले, म्हणजे डाव्या हाताने खाताना सांडणार नाही. बर्गर गोल. गोल वस्तू अर्धी फिरवली तरी ती तशीच दिसते, हे वाचणाऱ्याने स्वतःशी म्हणायचे आणि हसायचे. पण हजारो लोक दुकानात जाऊन तो बर्गर मागू लागले. काही जण तर ‘आम्हाला उजव्या हाताचाच द्या’ असे बजावून सांगू लागले. दुसऱ्या दिवशी कंपनीने कबुली दिली. या थापेला वर्तमानपत्रातल्या एका पानाखेरीज काही लागले नाही, आणि ती आजही सांगितली जाते.

याच बर्गर किंगने २००७ मध्ये एका दुकानात दिवसभर ‘व्हॉपर कायमचा बंद झाला’ असे गिऱ्हाइकांना सांगितले, लपवलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांचे चिडलेले चेहरे टिपले आणि त्याच्याच जाहिराती केल्या. विक्री म्हणे चांगली झाली. आम्हाला मात्र ते पाहताना जरा ओशाळल्यासारखे वाटले. भुकेल्या माणसाला आधी चिडवायचे आणि मग त्याचा चेहरा देशभर दाखवायचा, यात हसणारा एक आणि हसे होणारा दुसराच.

फ्लोरिडातली गोष्ट तर वाचूनच पोटात कालवले. २००१ च्या एप्रिल महिन्यात ‘हूटर्स’च्या एका उपाहारगृहात व्यवस्थापकाने वाढपी मुलींमध्ये बिअर खपवण्याची चढाओढ लावली. सगळ्यांत जास्त खपवणारीला टोयोटा मिळणार, असे सांगितले. एक मुलगी जिंकली. तिचे डोळे बांधून तिला बाहेर गाड्यांच्या वाहनतळावर नेले, पट्टी सोडली, आणि समोर होता ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या योडाचा बाहुला. टॉय योडा. इंग्रजीत उच्चार जवळजवळ सारखाच. बाकीचे हसले. ती हसली नाही. नोकरी सोडून तिने कराराचा भंग केल्याचा दावा लावला. २००२ मध्ये प्रकरण आपसात मिटले. किती रकमेवर, ते जाहीर झाले नाही; पण आता तिला कुठल्याही प्रकारची टोयोटा घेता येईल, असे तिच्या वकिलाने सांगितले. गिऱ्हाइकाला गंमत वाटावी म्हणून जे चालते, ते महिनाभर पाय दुखेपर्यंत राबलेल्या माणसाशी करायचे नसते, इतके त्या व्यवस्थापकाला कळू नये!

आम्ही सरकारी माणसे. नियम पाहिल्याशिवाय आमचा हात पुढे जात नाही. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत आमिषाच्या जाहिरातींचाही विचार आहे : जो माल ज्या भावात देण्याची वाजवी शक्यता नाही, तो दाखवून गिऱ्हाईक ओढू नये, साठा मर्यादित असेल तर तसे सांगावे. आमच्या चाळीस भाकरींच्या स्टॉलवर हे कोणी तपासायला येणार नव्हते. तरी ठरले की पाटीवर काही ‘फुकट’ लिहायचे नाही.

आता आमचा डाव. मराठी ताटाला डावी बाजू आणि उजवी बाजू असते, हे वाचकांना सांगायला नको. चटणी, कोशिंबीर, लोणचे डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. ‘डावं-उजवं करणे’ हा शब्दच आपण तिथून उचलला असावा. तेव्हा पाटी लिहिली : ‘खास डावखुऱ्यांसाठी! सर्व जिन्नस उलट बाजूंना वाढलेले ताट. इंदुरात प्रथमच.’ मागणाऱ्याला नेहमीचेच ताट द्यायचे, आणि “फिरवून घ्या” म्हणायचे. उज्जैनला दर १ एप्रिलला टेपा संमेलन भरते, त्या माळव्यात आपण राहतो. एवढी चेष्टा चालून जाईल असे वाटले. बैठकीत एक जण म्हणालाही, “घरी डाव्या सोंडेचा गणपती चालतो, डाव्या हाताचा माणूस का नाही?” सगळे हसले.

संध्याकाळी पाटी छान चालली. मुले येऊन ताट फिरवत होती, दोन डॉक्टर मित्रांनी उगाच डाव्या हाताने खाऊन पाहिले. साडेआठच्या सुमारास एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, नातसुनेचा हात धरून. पाटी त्यांनी सावकाश वाचली आणि विचारले, “खरंच वाढता का रे तसं?”

आमच्यातल्या एकाचा हात नेहमीच्या ताटाकडे गेला होता. तो तिथेच थांबला.

आजी बाकावर बसल्या आणि आपण होऊनच सांगू लागल्या. लहानपणी डावा हात पुढे आला की आईची चापट बसायची. एक उन्हाळाभर जेवताना तो हात पदराच्या काठाने बांधून ठेवला होता. पुढे सासरी पंगतीत चुकून डाव्या हाताने घास घेतला, तर वाढणारी बाई तशीच पुढे गेली. “उजव्या हाताने जेवायला शिकले मी,” त्या म्हणाल्या. “पोट भरतं. पण जेवल्यासारखं वाटत नाही.” नातसून त्यांच्याकडे बघतच राहिली. तिलाही हे ठाऊक नव्हते.

“फिरवून घ्या” म्हणायची आमची कोणाची छाती झाली नाही. आम्ही ताट पुसून घेतले आणि पहिल्यापासून वाढले. पिठलं डावीकडे, वांग्याचे भरीत त्याच्या शेजारी, ठेचा आणि कांदा उजवीकडे, लिंबाची फोडही तिकडेच. भाकरी डाव्या हाताने मोडता येईल अशी ठेवली. भर मेळ्यात, चार ओळखीच्या घरांसमोर, आजींनी डावा हात पुढे केला. आधी थोडा थांबला तो हात. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

शेजारच्या साबुदाणा वड्यावरचे लोकही गप्प झाले होते. कोणी काही बोलले नाही. आजी सावकाश जेवल्या आणि मध्येच मान वर करून म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे. पण मीठ कशाला रे सरकवलंत? ते मधेच असतं.”

आम्ही मीठ उचलून ताटाच्या वर, मधोमध ठेवले.