जुन्या सिनेमातला जातीवाचक विनोद: ओटीटीने कापावा की ठेवावा?

मोबाइलवर जुना सिनेमा सुरू आहे, घरातले सगळे हसतायत आणि पुढचा विनोद नेमका आपल्याच जातीवर, भाषेवर किंवा रंगावर निघतो. थिएटरच्या काळात असा सिनेमा यायचा आणि जायचा. ओटीटीवर तो पुन्हा पुन्हा पाहता येतो, जालना शहरात आणि मंठा तालुक्यातल्या तांड्यावरही. म्हणूनच प्रश्न पडतो: असे प्रसंग काढून टाकावेत का?

वाद कुठून सुरू झाला?

मे २०२० मध्ये अमेरिकेत पोलिस कारवाईत जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या आंदोलनांत जुन्या चित्रपटांमधला वंशभेदही चर्चेत आला. गुलामगिरीचं गोडगुलाबी चित्र रंगवणारा १९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ एचबीओ मॅक्सने जूनमध्ये काढला. त्याच महिन्यात तो परत आला. चित्रपट तसाच ठेवून, त्याचा काळ समजावणारं चित्रपट अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांचं निवेदन त्याला जोडण्यात आलं.

याच चित्रपटासाठी हॅटी मॅकडॅनिएल या ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या होत्या. चित्रपट गायब झाला असता, तर त्यांचं कामही गायब झालं असतं.

आपल्याकडे काय घडलं?

आपल्याकडे वंशापेक्षा जात, भाषा आणि रंग यांवरून जास्त खिल्ली उडवली गेली. ‘पडोसन’मध्ये (१९६८) मेहमूद यांनी साकारलेला दक्षिण भारतीय संगीत शिक्षक आजही अनेकांना हसवतो, तर अनेकांना तो टिंगल वाटतो. अंगाला रंग फासून नाचणारा जमाव म्हणजे आदिवासी, हा साचाही हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं वापरला.

लोकांच्या आक्षेपानंतर बदल झाल्याची उदाहरणंही आहेत. ‘आजा नचले’च्या (२००७) गाण्यातल्या एका ओळीवरून वाद झाला, उत्तर प्रदेश सरकारने बंदी घातली आणि निर्मात्यांनी माफी मागून शब्द काढले. २००९ मध्ये केशकर्तन व्यावसायिकांच्या आक्षेपानंतर ‘बिल्लू बार्बर’चं नाव फक्त ‘बिल्लू’ झालं.

मग शब्द काढले की प्रश्न सुटतो?

नेहमीच नाही. ‘फुले’ हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ ला येणार होता, तो २५ एप्रिलला आला. त्याआधी सेन्सॉर बोर्डाने त्यातले ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ असे शब्द काढायला सांगितले होते. पण तो चित्रपट जातिभेदाविरुद्धच्या लढ्यावरच आहे. फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या निबंधाचं शीर्षकच ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ असं आहे. शब्द पुसला, तर दुःख कोणाचं हेही पुसलं जातं.

याउलट, डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. तो जालन्यासह सगळ्या जिल्ह्यांसाठी होता. तिथे बदल योग्यच, कारण पत्ता रोज सांगावा लागतो. सिनेमा ही मात्र त्या काळाची नोंदही असते.

फरक कसा ओळखायचा?

अपमान पात्र करतंय की चित्रपट स्वतः करतोय, हे आधी पाहावं. पात्र शिवी देतं आणि चित्रपट त्याला चूक ठरवतो, तेव्हा कात्री लावण्याचं कारण नाही. पण प्रेक्षकाने त्या माणसाला हसावं, एवढ्यासाठीच प्रसंग असेल तर आक्षेप रास्त आहे.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘आंख मिचोली’ चित्रपटाच्या प्रकरणात अपंगत्वाबद्दल असाच फरक केला: अपंगांना हीन लेखणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा.

कायदा काय सांगतो?

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी कंपन्यांनी वेगवेगळ्या वंश-धर्मांच्या समूहांबद्दल दाखवताना काळजी घेणं अपेक्षित आहे. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची, त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा, अशी ही रचना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये यातल्या आचारसंहिता आणि त्रिस्तरीय रचनेच्या तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली होती. मात्र मोठ्या प्लॅटफॉर्मवर तक्रारीची सोय आहे.

दुसरा आधार म्हणजे १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा. तो फक्त अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. महाराष्ट्रात पारधी समाज अनुसूचित जमातींत येतो, बंजारा समाज मात्र विमुक्त जातींत. म्हणजे एकाच सिनेमात दोघांचीही टिंगल असली, तरी या कायद्याचा आधार एकालाच मिळू शकतो.

मग मार्ग काय?

डिस्ने प्लसने २०२० मध्ये ‘डम्बो’, ‘पीटर पॅन’सारख्या चित्रपटांआधी सविस्तर सूचना दाखवायला सुरुवात केली: यातलं चित्रण तेव्हाही चूक होतं, आजही चूक आहे. अशी सूचना मराठी-हिंदी चित्रपटांआधीही देता येईल, आणि ती प्रेक्षकाच्या भाषेत असायला हवी. त्यामुळे जुना विनोद पुसला जाणार नाही. पण तो ऐकून खाली मान घालणाऱ्या मुलाला निदान एवढं कळेल, की चूक त्याची नाही.