आपले जुने वाडे आणि नवा संसार

मलिक अहमदाने १४९४ साली भिंगारजवळ अहमदनगर वसविण्यास आरंभ केला. त्याच्या वंशजांच्या काळी, १५८३ साली पूर्ण झालेला फराहबागेचा महाल चार शतकांनंतरही दगडचुन्यात उभा आहे. आज अहिल्यानगर म्हणविणाऱ्या या जिल्ह्यातील आपल्या पूर्वजांचे वाडेही याच दगडचुन्याच्या, लाकडाच्या आणि मातीच्या आधाराने टिकले.

त्या बांधणीत मोठे शहाणपण होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या भागात पाऊस बेताचा. म्हणून पांढऱ्या मातीचे सपाट माळवद चालले. रुंद भिंतींनी उन्हाळा बाहेर थोपविला, चौकाने उजेड व वारा दिला आणि १८७६-७७ सारख्या दुष्काळांच्या या मुलखात बळदातील धान्य कुटुंबाचा आधार ठरले.

चौंडी येथे १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला. त्यांचे जन्मस्थळ श्रद्धेने जतन झाले, हे योग्यच होय. परंतु आपला वाडा दर्शनासाठी नसून राहण्यासाठी आहे. सुनेला सोयीचा स्वयंपाकघराचा ओटा, वृद्धांना जवळचे शौचालय आणि मुलांना अभ्यासापुरता उजेड न मिळाल्यास तो ओस पडणारच.

या सोयी वाडा न पाडताही करता येतात. न्हाणीघर व शौचालय परसाच्या बाजूस घ्यावे. नळ मातीच्या भिंतीत पुरू नयेत. विजेच्या तारा भिंत न खोदता नळीतून वरून न्याव्यात. सवण्यावर काच बसविल्यास माजघर उजळते. तुळईचे टोक कुजले असल्यास तेवढेच बदलावे. मुख्य म्हणजे जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करू नये. आतील ओल कोंडून भिंत पोखरते. चुन्यातून ती बाहेर पडते.

मात्र ओलीपेक्षाही मोठा घात वाटणीने होतो. चौकात भिंत घातली की दोन्ही घरे अंधारतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत कन्येचाही जन्मतः पुत्रासमान हक्क मान्य झाला आहे; तेव्हा तिला वगळून केलेला विचार अपुराच. सर्व वारसांनी एकत्र बसून खोल्या वाटून घ्याव्यात. चौक, आड व देवघर समाईक ठेवावे आणि दुरुस्तीचा वार्षिक वाटा लेखी ठरवावा.

आम्ही ज्ञातिबंधुभगिनींस एवढेच विनवितो की, वाडा पाडण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी चुन्याचे काम जाणणाऱ्या एका गवंड्यास तो दाखवावा.