पोटरी, चिक आणि हुरडा

पुऱ्या झालेल्या वस्तूला आपली भाषा बहुधा एखाद्या नावावर भागवते. ती घडत असताना मात्र तिला किती नावं! आंब्याचंच पाहा ना. आधी मोहोर, मग बाळकैरी, कैरी, पाडाला आलेला, आणि शेवटी आंबा. शेतीच्या भाषेत तर ही श्रीमंती ठायी ठायी दिसते.

मी जालना जिल्ह्यातला. रब्बी ज्वारी आमचं जुनं पीक. जमिनीतून डोकं वर काढतो तो कोंब. पेरणीनंतर पन्नास-पंचावन्न दिवसांनी कणीस पानाच्या वेष्टनात फुगून बसतं, तेव्हा ज्वारी पोटरीत आली. पायाची पोटरी नजरेसमोर आणा, म्हणजे शब्दाची गंमत कळेल. कणीस बाहेर पडलं की पीक निसवलं. मग फुलोरा. पुढे दाण्यात दुधासारखा रस भरतो, तो चिक. तो घट्ट होतो पण दाणा कोवळाच असतो, तेव्हा हुरडा.

हे शब्द हौसेपोटी जन्मले नाहीत. पोटरी म्हटलं की पाणी द्यायचं. चिक म्हटलं की गोफण घेऊन पाखरं राखायची. हुरडा म्हटलं की आगटी पेटवायची आणि पाहुण्यांना सांगावा धाडायचा, कारण पुढच्या काही दिवसांत दाणा टणक होणार.

दुष्काळात याच शब्दांनी नुकसान मोजलं जाई. १९७२ साली मराठवाड्यात पावसानं दगा दिला. माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आली. अशा साली ‘पोटरीत वाळली’ म्हटलं, की ऐकणारा समजे, या घरी फार तर कडबा मिळेल, दाणा नाही. ‘चिकात वाळली’ म्हणजे बारीक, पोचट का होईना, थोडे दाणे हाती येतील. सरकारदरबारी आणेवारी, पुढे पैसेवारी लावून दुष्काळ ठरत असे. गावात एका शब्दात घराचं वर्ष कळे.

पुढे जालन्याची ओळख बियाण्यांचं गाव म्हणून झाली. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दरम्यान १ मे १९८१ रोजी औरंगाबादचे चार आणि परभणीचा परतूर असे तालुके मिळून जालना जिल्हा झाला. २००२ मध्ये महिकोच्या बीटी कापसाच्या वाणांना केंद्राची परवानगी मिळाली. कापूस वाढला तसे त्याचे शब्द शिवारात ऐकू येऊ लागले. फुलाआधीची कळी ती पाते, ती गळली की पातेगळ. फुलामागून हिरवं बोंड, त्यालाच कैरीही म्हणतात.

मोसंबीनं आणखी एक शब्द दिला, ताण. आंबे बहारासाठी हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण देणं म्हणतात. फूल अजून कुठेच नसतं, तरी बहाराची सुरुवात तिथेच होते. पण २०१२-१३च्या दुष्काळात पुन्हा द्यायला पाणीच उरलं नाही. अनेक बागा वाळल्या, लेकरासारखी वाढवलेली झाडं शेतकऱ्यांना तोडावी लागली.

आता शिवारात कापूस आणि सोयाबीन जास्त, ज्वारी कमी. माहितीपत्रकात पिकाचं वय दिवसांत असतं. दिवस उपयोगी आहेत, पण ते सगळ्या रानांना सारखेच. हलक्या रानात आणि काळ्या रानात पीक एकाच दिवशी पोटरीत येत नाही. त्यासाठी ताटाजवळ जाऊन पाहावं लागतं, आणि पाहिलेलं सांगायला शब्द लागतो.

हुरडा हा शब्द शहरातल्या पार्ट्यांमुळे तगला. पोटरीला आणि चिकाला असा वाली नाही. थंडीत हुरडा खायला कुठे गेलात, तर आगटीशी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, “बाबा, याच्या आधी याला काय म्हणायचे?” आणि मग निवांत ऐका.