उसाचे माहेर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम एखादी पाककृतीच देऊन मोकळे व्हावे असे वाटले. परंतु यंदा संक्रांतीला सुगडात घालण्यासाठी उसाचे करवे करीत बसले असता माहेरची एक जुनी गोष्ट आठवली, आणि तिच्यामागे केवढा मोठा इतिहास आहे तो आपणा सर्वांना सांगावा असे मनात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. शास्त्रातील मोठमोठे शब्द मला येत नाहीत. भाऊ शेतकीच्या पुस्तिका आणतो त्या वाचून आणि मुलीकडून समजावून घेऊन जे कळले, ते साध्या शब्दांत मांडते.

माझे माहेर सातारा जिल्ह्यात, नीरेच्या कालव्यावर. मी आठनऊ वर्षांची असताना अण्णांनी एका नातलगाकडून स्वस्तात बेणे आणून एकरभर ऊस लावला. दोनतीन महिन्यांनी पाहतो तो काय, उसाऐवजी जागोजागी गवताची बेटे! एकेका बुडातून बारीक बारीक फुटवे पन्नास पन्नास निघालेले, पाने अरुंद आणि पांढुरकी, कांडे धरण्याचे नाव नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी बोल लावला तो माझ्या आईला. लागणीच्या दिवसांत ती अडचणीची असताना बेण्याला शिवली, तिच्या विटाळाने ऊस गवत झाला, असे आजी उघड म्हणाली. आई काही बोलली नाही. मात्र त्यानंतर पुष्कळ वर्षे ती लागणीच्या दिवसांत बांधावरूनच डबा देऊन परत फिरत असे. वर्षाचे पैसे गेले ते गेलेच, पण आईच्या माथी आलेला हा दोष मला अधिक डाचत राहिला.

पुढे भावाकडील एका पुस्तिकेत मी त्याच गवताच्या बेटाचे चित्र पाहिले. खाली नाव होते 'गवताळ वाढ'. तेव्हा कुठे मला कळले की हा एक रोग आहे, आणि तो जगात पुष्कळ ठिकाणी माणसांनी शोधून, अभ्यासून ठेवला आहे.

आता थोडे मागे जाऊ. ऊस हा मुळात गवताच्याच कुळातला. ज्वारी, बाजरी, गहू, भात, मका, बांबू ही सारी त्याची भावंडे. नदीकाठी शरदात पांढरे तुरे डोलणारे जे काश नावाचे रानगवत, ते तर उसाचे अगदी सख्खे. गोड जाड ऊस माणसाने हजारो वर्षे निवडून निवडून वाढविला. परंतु गोडी वाढली तसा तो नाजूकही झाला. शिवाय आपण ऊस बी पेरून लावीत नाही, कांड्याची टिपरी करून लावतो. म्हणजे सारे शेत एकाच उसाच्या तुकड्यांचे. एका उसात रोग असला तर तो टिपरीबरोबर पुढच्या वर्षी, खोडव्यात, शेजाऱ्याच्या शेतात, असा पिढ्यान् पिढ्या चालत राहतो. वरून पाहता बेणे निरोगी दिसते. अण्णांची फसगत झाली ती इथेच.

सुमारे १८८० नंतर जावा बेटात उसावर असेच संकट आले. ऊस वाढेना, बुडाशी फुटव्यांचा झुपका होई. तेथील लोकांनी त्या रोगाला 'सेरेह' म्हटले. सेरेह म्हणजे आपला गवती चहा! रोगट ऊस तसा दिसे म्हणून हे नाव. जगाच्या दुसऱ्या टोकाला आणि शंभर वर्षे आधी कुणाच्या तरी शेतात आमच्यासारखेच गवत उगवले होते, हे वाचून मी थक्क झाले.

दुसरा शत्रू मोझॅक. यात पानांवर फिकट व गडद हिरवे पट्टे पडतात आणि ऊस खुरटतो. हा रोग विषाणूचा. विषाणू म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीही सहसा न दिसणारा, जिवंत पेशीतच वाढणारा अतिसूक्ष्म घटक. १८९८ साली हॉलंडच्या बायेरिंक या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस अतिबारीक गाळणीतून गाळला. तरी त्या रसाने निरोगी झाडाला रोग झालाच. रोगाचे कारण नेहमीच्या जंतूंहून वेगळे आहे हे त्यावरून त्याने मांडले. उसाचा मोझॅक मावा नावाच्या किडीमार्फत पसरतो हे १९२० साली अमेरिकेतील ब्रँडेस यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात या रोगाने साखरेचा धंदा जवळजवळ बुडाला.

या संकटातून ऊस वाचला तो त्याच्या माहेरच्या माणसांमुळे, म्हणजे रानगवतामुळे. उसाला तुरा येतो आणि त्यात उगवणारे बी असते, हे १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस येथे नीट सिद्ध झाले. मग उसाचा संकर करणे शक्य झाले. जावातील संशोधकांनी गोड ऊस आणि काश यांच्या संबंधातून झालेली संतती पुन्हा पुन्हा गोड उसाशी जुळविली, आणि १९२१ साली येसविट यांनी पी. ओ. जे. २८७८ ही जात तयार केली. ती गोडही होती आणि सेरेह व मोझॅक दोन्हींपुढे टिकणारीही. थोड्याच वर्षांत जवळजवळ सारे जावा बेट तिच्याखाली आले.

या संकरात एक गंमत आहे, ती भगिनींना सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रत्येक पेशीत गुणसूत्रे नावाचे धागे असतात, त्यांतून आईबापांचे गुण मुलांत उतरतात. एरवी आई अर्धा वाटा देते आणि बाप अर्धा. गोड उसात ही गुणसूत्रे ८०. परंतु गोड ऊस आई आणि काश बाप असला, की आई आपले अर्धे न देता सर्वच्या सर्व ८० देते! जावात सापडलेल्या कासोर नावाच्या संकरित उसात १३६ गुणसूत्रे आहेत. त्यांतील ८० आईची आणि ५६ काशाची. म्हणून लेकरात गोडी टिकते आणि काटकपणाही येतो. आई आपले सारे देऊन टाकते, हे आपण म्हणतोच, पण ते गवतातही मोजून सापडावे याचे मला नवल वाटले.

आपल्या देशात हे काम कोइमतूरला झाले. तेथे ऊस चांगला फुलतो आणि बी धरतो, म्हणून १९१२ साली ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड ऊस व काश यांच्या संकरातून को २०५ ही जात काढली, ती १९१८ साली पंजाबात लागवडीस दिली गेली. 'को' म्हणजे कोइमतूर. पुढे पी. ओ. जे. २८७८ हिच्या पोटी को ४१९ जन्मली, आणि आपल्या दख्खनच्या कालव्यांवर तिने अनेक वर्षे राज्य केले. माझ्या आजोबांच्या तोंडी 'चारशे एकोणीस' हे नाव माणसाच्या नावासारखे असे. तिच्या अंगात जावाच्या रानगवताचे रक्त आहे, हे त्यांना कुठे ठाऊक असणार!

याच कोइमतूरच्या केंद्रात १९३४ ते १९३९ या काळात एक बाई काम करीत होत्या. त्यांचे नाव जानकी अम्माळ. केरळातील तेलिचेरी येथे १८९७ साली त्यांचा जन्म झाला. मुलींना लिहितावाचता आले तरी पुष्कळ, अशा त्या काळात त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ साली डॉक्टर होऊन आल्या. त्यांनी लग्न केले नाही. कोइमतूरला त्यांनी ऊस व रानगवतांची गुणसूत्रे मोजली आणि मक्यासारख्या दूरच्या नातलगांशीही उसाचा संकर करून पाहिला. काशातही ठिकाणाठिकाणी गुणसूत्रांची संख्या वेगळी असते, कुठे ४०, तर कुठे १०० च्याही वर. पुढे त्या इंग्लंडला गेल्या, आणि तेथे डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा कोश १९४५ साली प्रसिद्ध केला. पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून १९५१ साली परत येऊन त्यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची फेररचना हाती घेतली. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८४ साली त्या वारल्या. ज्या देशात बाईच्या शिवण्याने ऊस गवत होतो असे म्हटले गेले, त्याच देशात एका बाईने ऊस आणि गवत यांचे नाते धागा धागा मोजून दाखविले होते, आणि तेही आमच्या त्या एकरभर उसाच्या पन्नास वर्षे आधी.

आता आमच्या रोगाविषयी. गवताळ वाढीची नोंद आपल्या देशात प्रथम १९४९ साली नगर जिल्ह्यात झाली. तो विषाणूचाच रोग आहे अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. परंतु १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांना तुतीच्या रोगट झाडांत वेगळेच सूक्ष्म जीव सापडले. ते जीवाणूंच्या जातीचे, पण त्यांना पेशीभित्ती नाही. पुढे गवताळ वाढीचे कारणही अशाच जीवांत सापडले, त्यांना आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. हा रोग मुख्यत्वे रोगट बेण्यातून येतो, आणि तुडतुड्यांसारख्या किडी तो पसरवितात. त्यात कुणाच्या शिवण्याचा, विटाळाचा किंवा दृष्टीचा काडीइतका संबंध नाही.

उपायही सापडले आहेत. बेण्याला ५० अंशांच्या आसपास उष्ण वाफेची हवा ठराविक वेळ दिली, की गवताळ वाढीला बराच आळा बसतो. मोझॅकचा विषाणू मात्र एवढ्याने हटत नाही. त्यासाठी उसाच्या शेंड्यातील अगदी कोवळा कण घेऊन काचेच्या नळीत त्याची रोपे वाढवितात, कारण तेथवर विषाणू बहुधा पोचलेला नसतो. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत अशी रोपे तयार होतात. नीरेजवळ पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, तेथेही निरोगी बेणे आणि नव्या जाती यांचे काम चालते. आमच्या शेतापासून ते फार लांब नव्हते. अण्णा तेथे एकदा जाऊन आले असते तर!

गेल्या उन्हाळ्यात माहेरी गेले तेव्हा हे सारे मी आईला समजावून सांगितले. ती आता बरीच थकली आहे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आता हे कुनाला सांगतीस बाय? बोलनारी तर कवाच गेली." थोड्या वेळाने आपणहून काठी घेऊन उठली आणि भावाच्या लागणीच्या उसात जाऊन उभी राहिली. भावाने बेण्याची मोळी पुढे केली, तिने त्यातली एक टिपरी सरीत लावली.

भगिनींनो, आपल्या नया नगरात उन्हाळ्यात रसवंतीचे घुंगरू वाजू लागले की आपण मुलांना घेऊन रस प्यायला जातो. वनस्पतींचे हे रोग माणसाला होत नाहीत, तेव्हा रस खुशाल प्यावा, मात्र ग्लास स्वच्छ पाहून घ्यावा. रमजान ईदला शेजारच्या आपांकडून येणाऱ्या शीरखुर्म्यात आणि आपल्या तिळगुळात गोडी त्याच उसाची आहे. ती गोडी आज टिकून आहे ती एका रानगवतामुळे आणि ते गवत क्षुद्र न मानता अभ्यासणाऱ्या माणसांमुळे. म्हणून माझी एवढीच विनंती, की शेतात, घरात वा लेकरांच्या दुखण्यात काही विपरीत घडले तर कारण शोधावे, जाणकाराला विचारावे, घरातील सुनेला दोष देऊ नये. आणि मुलींना सातवीवर थांबवू नये.