रोज धाप लागलीच पाहिजे का?

रोइंग मशीनविषयी आपल्याकडे एक मत आता सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. मशीनवर बसावे ते जीव तोडूनच. उतरताना शर्ट पिळता आला नाही तर तो दिवस फुकट. आणि ज्यांचे मशीन चार महिन्यांत कपडे वाळत घालण्याच्या कामी येते त्यांच्यात निर्धार कमी. मला हे मत मान्य नाही. त्यातला पहिला भाग चुकीचा आहे, दुसरा अर्धवट आणि तिसरा अन्यायकारक. माझे म्हणणे उलट आहे. मशीनवरचा नेम बहुधा आळसाने मोडत नाही, रोजच्या दमछाकीने मोडतो. जो उपाय म्हणून सांगितला जातो तोच रोग आहे.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, शहरातल्या माणसाला वेळ नाही; वीस मिनिटे मिळतात, ती सावकाश वल्हवण्यात का घालवायची? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम किंवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटे जोरकस व्यायाम सांगते. म्हणजे जोराचे एक मिनिट मध्यमच्या दोन मिनिटांबरोबर धरते. शिवाय ताबाता यांचा जपानमधला प्रयोग आहे: वीस सेकंद जोर, दहा सेकंद विश्रांती, अशी सात-आठ आवर्तने, आणि सहा आठवड्यांत दमसास वाढला. रोइंगची शर्यत तर दोन हजार मीटरची, म्हणजे सहा-आठ मिनिटांचा जीवघेणा खेळ. मग सराव गोगलगायीच्या गतीने कसा करायचा? आणि शेवटचा मुद्दा कमरेचा: मशीनवर फार वेळ बसले की पाठ धरते, म्हणून थोडे करा पण कडक करा. यातला प्रत्येक मुद्दा उत्तराला पात्र आहे.

ताबाता हा त्यांचा मुख्य साक्षीदार, म्हणून उलटतपासणी त्याच्यापासूनच करू. १९९६ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग रोइंग मशीनवर झालाच नव्हता. तो झाला स्थिर सायकलवर. सहभागी होते शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी, गटात मोजके. मुदत सहा आठवडे. हे तपशील सहसा सांगितले जातात. जो सांगितला जात नाही तो असा: जोराच्या गटानेही आठवड्यातले पाचही दिवस जीव तोडला नव्हता. एका दिवशी त्यांनी अर्धा तास संथ, सलग सायकल चालवली आणि नंतर जोराची थोडीच आवर्तने केली. दुसरा गट रोज तासभर मध्यम गतीने चालवत होता. प्राणवायू वापरण्याची त्याची क्षमता शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे पाच मिलिलिटरने वाढली, जोराच्या गटाची सातने. फरक आहे, मी नाकारत नाही. पण मध्यम गटाच्या हाती काही लागले नाही, असे म्हणण्याजोगा तो नाही. आणि सहा आठवड्यांचा प्रयोग सहा वर्षांच्या नेमाबद्दल काय सांगणार? तेथे प्रयोग संपण्याची तारीख ठरलेली होती. घरातल्या मशीनला अशी तारीख नसते.

आता मशीनचे गणित. या वादात ते कोणी काढत नाही याचे मला नवल वाटते. एअर रोइंग मशीनमध्ये पंख्याचे चाक हवा कापते आणि हवेचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. कॉन्सेप्ट टू या व्हरमाँटच्या कंपनीची मशीने जगभर प्रमाण मानली जातात. त्यांच्या पडद्यावर पाचशे मीटरला लागणारा वेळ आणि वॅट यांचे नाते घनाचे आहे. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. पाचशे मीटरला अडीच मिनिटे म्हणजे साधारण १०४ वॅट. दोन मिनिटे म्हणजे २०२. एक मिनिट चाळीस सेकंद म्हणजे ३५०. अडीच मिनिटांवरून सहा सेकंद कमी करायला सुमारे साडेतेरा वॅट जास्त लागतात. दोन मिनिटांवरून तेच सहा सेकंद काढायला जवळपास चौतीस.

हे आकडे समोर ठेवून ‘रोज कालच्यापेक्षा थोडे बरे’ हा लाडका उपदेश तपासावा. रोज एकच सेकंद कमी करायचा, यापेक्षा नम्र संकल्प कोणता? पण महिनाभरात तीस सेकंद होतात. अडीच मिनिटांवर सुरुवात करणारा माणूस महिन्याच्या शेवटी दोन मिनिटांवर हवा, म्हणजे त्याने शक्ती जवळजवळ दुप्पट करायला हवी. महिन्यात कोणाची शक्ती दुप्पट होते? कोणाचीच नाही. तो बाराव्या-पंधराव्या दिवशी अडतो, दोन दिवस झटतो, आकडा हलत नाही, आणि मग मशीनकडे जायचे टाळू लागतो. शेजारी म्हणतात, निर्धार नव्हता. अहो, निर्धार होता म्हणूनच तो पंधरा दिवस टिकला! चुकला तो हिशेब.

दुसरी चूक खटक्याची. मशीनच्या बाजूला एक ते दहा आकड्यांचा खटका असतो आणि व्यायामशाळेत तो मला बहुधा दहावर ओढलेला दिसतो. समज असा की दहा म्हणजे जास्त व्यायाम. प्रत्यक्षात तो खटका फक्त पंख्याकडे किती हवा जाऊ द्यायची ते ठरवतो. दहावर चाक लवकर मंदावते, म्हणून प्रत्येक स्ट्रोक जड बोटीसारखा लागतो. तीन-चारवर हलक्या, वेगवान बोटीसारखा. वॅट किती निघणार ते ओढणाऱ्यावर ठरते, खटक्यावर नाही. सरावलेले रोअर साधारण तीन ते पाचच्या मध्ये ठेवतात आणि खटक्यापेक्षा पडद्यावरचा ड्रॅग फॅक्टर, म्हणजे चाकाला होणाऱ्या हवेच्या विरोधाचा आकडा, पाहतात, कारण जाळीत धूळ साचली की हवा कमी जाते आणि तुमच्या घरातला चार हा दुसरीकडचा चार राहत नाही. आपल्याकडच्या धुळीत हे ध्यानात ठेवावे. जाळी पुसण्याचा सल्ला कोणी देत नाही. खटका वर ओढण्याचा सगळे देतात.

आता पुराव्यातला माझ्या मते सगळ्यात वजनदार भाग. सराव गोगलगायीच्या गतीने कसा करायचा, हा प्रश्न नॉर्वेच्या रोअरांना विचारायला हवा. फिस्करस्ट्रान्ड आणि सायलर यांनी १९७० ते २००१ या काळातल्या नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या रोअरांच्या सरावाची तुलना करून २००४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तीस वर्षांत संथ सराव महिन्याला सुमारे तीस तासांवरून पन्नासवर गेला. शर्यतीच्या वेगाचा आणि त्याहून कडक सराव तेवीस तासांवरून सातवर उतरला. याच काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे बारा टक्क्यांनी वाढली आणि मशीनवरच्या सहा मिनिटांच्या चाचणीतली कामगिरी दहा टक्क्यांच्या आसपास सुधारली. जे लोक त्या जीवघेण्या शर्यतीतच पदके मिळवतात, त्यांनी जीवघेणा सराव तिपटीहून कमी केला. आता सांगा, शर्यत कडक म्हणून सराव रोज कडक, या तर्काचे काय उरले?

येथे प्रतिपक्ष दोन आक्षेप घेईल आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला: ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हे, तीस वर्षांत आहार, बोटी, निवड सगळेच बदलले. मान्य. या एका निबंधावर मी शिक्कामोर्तब करत नाही. दुसरा आक्षेप जास्त नेमका आहे: ते वर्षाला हजार तास सराव करणारे लोक, आपण आठवड्याला तीन तासवाले, त्यांचे प्रमाण आपल्याला कसे लागू? प्रमाण तंतोतंत लागू नाहीच. ज्याच्याकडे आठवड्यात पाऊण तासच आहे त्याने तो जोराने करावा. त्याच्याशी माझा वाद नाही, कारण उरलेले दिवस त्याला विश्रांती आपोआप मिळते. पण जो आठवड्यात पाच-सहा दिवस बसू पाहतो, त्याला नॉर्वेच्या आकड्यांमागचे कारण लागू आहे. कडक सरावाची भरपाई व्हायला वेळ लागतो आणि ती होण्याआधी पुन्हा कडक बसलो तर शरीर वसुली सुरू करते. हे विशीतल्या पदकविजेत्याला खरे असेल, तर दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला कमी खरे कसे असेल?

कमरेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तोच त्यांचा बळकट मुद्दा आहे. रोअरांच्या दुखापतींत कंबर आघाडीवर असते. आयर्लंडच्या आंतरराष्ट्रीय रोअरांवर वर्षभर ठेवलेल्या नजरेतून, २०१० साली छापलेल्या अभ्यासात, दुखापतींचा संबंध मशीनवरच्या सरावाशी ठळकपणे दिसला. अर्ध्या तासाहून लांब बैठकांचा पाठदुखीशी संबंध इतरत्रही आढळला आहे. म्हणजे माझ्या ‘लांब आणि संथ’ या पक्षाच्याच हे मुळावर येते की काय? नीट पाहिले तर नाही. कंबर दुखते ती थकल्यावर. पुढे वाकून स्ट्रोक पकडताना नितंबातून झुकायचे असते. थकलेला माणूस कमरेतून गोल होतो आणि त्याच गोल पाठीवर पायांचा सगळा जोर येतो. थकवा आणणाऱ्या गोष्टी दोन: फार वेळ आणि फार जोर. पहिलीवर उपाय सोपा आहे. चाळीस मिनिटे एकाच बैठकीत न करता वीस-वीसची दोन करा, मध्ये उठून चाला. दुसरीवर प्रतिपक्षाकडे उपाय कोणता? वीस सेकंदांत कसेबसे दहा स्ट्रोक बसतात. ते ओढताना आधी पाय, मग धड, मग हात, आणि परतताना उलट, हा क्रम कोण पाळतो? त्यात खटका दहावर. मिनिटाला अठरा-वीस स्ट्रोकांची संथ लय ही क्रम शिकायची एकमेव निवांत जागा आहे. कमरेचा पुरावा लांब बैठकीच्या विरोधात जातो हे खरे. तो रोजच्या दमछाकीच्या बाजूने जातो, हे कशावरून?

एक आठवण आपल्याच ग्रंथांची. सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे आणि अर्धी शक्ती ओळखायची खूणही दिली आहे: हृदयातला वायू तोंडाशी येऊ लागला की तेथे थांबावे. वाग्भटाने तर अर्धी शक्तीसुद्धा बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी, तीही थंडीत आणि वसंतात ठेवली. एरवी त्याहून कमी. प्राचीनांनी सांगितले म्हणून ते खरे, असा माझा दावा नाही. तसल्या युक्तिवादाने काहीही सिद्ध करता येते. पण बोलताना वाक्य तुटू लागले की वेग वाढला, ही आजच्या प्रशिक्षकांची साधी कसोटी त्या खुणेच्या किती जवळ आहे, ते पाहण्याजोगे आहे. मग ‘धाप लागेपर्यंत’ ही आपली देशी परंपरा, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते ते कोणत्या ग्रंथातून?

संथ वल्हवणे कंटाळवाणे, या तक्रारीवर फार वेळ घालवणार नाही. कंटाळवाणे आहे. रियाजही कंटाळवाणा असतो. गवई तो रोज मैफल समजून करत नाही.

राहता राहिला निर्धार. येथे दत्तू भोकनळचे नाव हमखास निघते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खोदणारा मुलगा सैन्यात गेला, तेथे पहिल्यांदा वल्हे हाती धरले, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण घेऊन आला. निर्धाराचे यापेक्षा मोठे उदाहरण मी देऊ शकणार नाही. पण त्याचा निर्धार वापरला कसा गेला? सैन्यात सरावाचे वेळापत्रक असते, प्रशिक्षक असतो, आज कडक की आज हलके हे ठरवणारा दुसरा माणूस असतो. घरी मशीनवर बसणाऱ्याला हे सगळे स्वतःच ठरवावे लागते आणि उत्साहाच्या भरात तो रोज कडकच ठरवतो. दत्तूचे नाव घेऊन घरच्या माणसाला आळशी ठरवणे म्हणजे एकाच्या कर्तबगारीने दुसऱ्याला झोडपणे आहे. ते सोपे आहे. न्याय्य नाही.

जोराला माझा विरोध नाही, हे पुन्हा स्पष्ट करतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, तो हवाच. दोन हजार मीटरची चाचणी अधूनमधून द्यावी. ती चाचणी आहे, सराव नाही.

वाचकांनी निवाडा माझ्या शब्दावर करू नये. खटका चारवर ठेवा, छातीला नाडीमापक पट्टा बांधा आणि आठवड्यातले चार दिवस पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने वीस-वीस मिनिटांच्या बैठका करा. पाचव्या दिवशी हवा तेवढा जोर लावा. दोन महिन्यांनी तीच नाडी असताना पाचशे मीटरला किती वेळ लागतो, ते पहिल्या आठवड्याच्या नोंदीशी ताडून पाहा. आकडा कमी झाला नसेल तर माझा पक्ष बाद समजा.